पावणेदोन इकडे, पावणेदोन तिकडे

पावणेदोन काकाजी जगातली कुठलीही गोष्ट स्टेअरिंगच्या फेऱ्यांत मोजत. तब्येत कशी आहे विचारलं, की "पावणेदोन इकडे, पावणेदोन तिकडे" म्हणजे ठणठणीत. मान आखडली असेल तर "डावीकडे आज सव्वाच फिरून राहिली." एकदा मी त्यांच्या नव्या जावयाची चौकशी केली. बराच विचार करून म्हणाले, "पोरगा सरळ चालते सर. रिव्हर्समंधी पाहाचं आहे अजून."

या नावामागे त्यांचा एक सिद्धान्त होता. चाकं सरळ ठेवली, की आमच्यासारख्यांच्या जुन्या जीपचं स्टेअरिंग उजवीकडे पावणेदोन फेरे आणि डावीकडे पावणेदोन फेरे फिरलं पाहिजे. गाडी कशासाठीही आणलेली असो, ब्रेकसाठी, क्लचसाठी, नुसत्या हॉर्नसाठी, काकाजी आधी हे मोजत. "दोन्हीकडे कमी फिरली तर समजा गाडी म्हातारी झाली. एकीकडेच कमी फिरली तर समजा कोनाचा तरी हात लागला." हे वाक्य मी त्यांच्याकडून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. एक्कावन्नाव्या वेळी ते माझ्यावरच आलं.

सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. आता तिथे टाइल्सचं दुकान आहे. शेडपुढे कडुलिंब, लिंबाखाली एक मोडकी सीट, आणि त्या सीटवर गिऱ्हाइकांनी बसायचं नाही असा नियम. गिऱ्हाइकाची जागा ड्रायव्हरच्या सीटवर. स्वतः काकाजी गाडीखाली पाठीवर झोपत आणि खालून ओरडत, "फिरवा. मोजा. मोठ्यानं मोजा, मले खाली आयकू नाही येत." नवा माणूस वैतागायचा. "काकाजी, मी काय तुमचा हेल्पर आहे का?" त्यावर खालून शांत उत्तर यायचं, "नाही, तुमी मालक आहे. गाडी तुमची तर मोजणंबी तुमचं."

बिघाड कुठे आहे हे ते तोंडाने कधी सांगत नसत. मालकाला स्वतःला दिसेपर्यंत थांबत. एका ठेकेदाराला त्यांनी असं तासभर मोजायला लावलं होतं. तो जाताना म्हणाला, "काकाजी, इतकी उजळणी तर मी शाळेतही नाही केली." काकाजी म्हणाले, "म्हनून तर ठेकेदार झाले."

त्यांची दुसरी सवय म्हणजे जोडलेल्या गोष्टी आधी वेगळ्या करणं. स्टेअरिंग कमी फिरतं आहे अशी तक्रार आली, की पुढची चाकं उचलून गाडी लोखंडी घोडीवर टेकवायची आणि स्टेअरिंगपासून चाकांकडे जाणारा दांडा सोडवायचा. मग एकट्या स्टेअरिंगला विचारायचं, तू किती फिरतं? आणि चाकं हातानं ढकलून त्यांना विचारायचं, तुम्ही किती फिरता? "भांडण होऊन राहिलं ना, तर दोघायले एका खोलीत विचारून काही फायदा नाही सर. दोघंबी एकमेकाचंच नाव घेते." मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तपासणीची इतकी सोपी व्याख्या मला वर्गात कधी जमली नाही.

आता माझा भाग. तो सांगितल्याशिवाय काकाजींबद्दल लिहिण्याचा मला हक्क नाही.

आमची जुन्या जीपवाल्यांची एक टोळी आहे. आठनऊ जण, सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, सगळ्यांच्या बायका त्रासलेल्या. रविवारी सकाळी कुठेतरी जायचं, तर्री-पोहे खायचे, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. फोनवर आमचा ग्रुप आहे. फिजिक्सचा प्राध्यापक असल्यामुळे गाडीच्या बाबतीत माझा शब्द तिथे शेवटचा मानतात, आणि तो तसा मानला जावा याची मी काळजीही घेतो.

एका उन्हाळ्यात मी हौसेनं जाड, रुंद टायर बसवले. गाडी रुबाबदार दिसायला लागली, पण उजवीकडे पूर्ण वळवली की टायर चाकाजवळच्या स्प्रिंगच्या कमानपट्ट्याला घासायचा. व्हिडिओ पाहून मी उपाय शोधला. चाकाच्या मागे एक अडणीचा बोल्ट असतो. तो जितका बाहेर काढाल तितकं चाक त्या बाजूला वळताना लवकर अडतं. सीटखालचा स्क्रू पाना, म्हणजे कुठल्याही मापाला जुळवून घेता येतो तो, घेऊन मी घामाघूम होत तो बोल्ट चांगला बाहेर काढला. घासणं थांबलं. पंधरा दिवसांनी बायको म्हणाली, "मला आत चढायला शिडी आणा, नाही तर जुने टायर आणा." शिडीपेक्षा टायर सोपे होते. जुने टायर परत बसवले. बोल्ट मात्र तसाच राहिला, आणि खरं सांगतो, मी तो पार विसरून गेलो.

नंतर स्टेअरिंग बॉक्समधून तेल गळायला लागलं म्हणून गाडी काकाजींकडे दिली. त्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती, मी थांबलो नाही. काकाजी म्हणाले, "मोजल्याशिवाय गाडी नेऊ नका सर." मी म्हटलं, पुढच्या वेळी मोजू. संध्याकाळी किल्ली घेतली आणि निघालो.

त्या रविवारी आम्ही खाप्याला गेलो. कन्हान नदीकडे उतरणाऱ्या एका अरुंद वळणावर सगळ्यांच्या गाड्या एका दमात वळल्या. माझी अडली. मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. आमच्या टोळीतला वकील खाली उतरून दोन्ही हातांनी इशारे करायला लागला. "सर, काहून गा? फिजिक्स लावा ना थोडं." सगळे हसले. मी काच खाली करून म्हणालो, "पावणेदोननं परवा बॉक्स उघडला होता. चुकीचा बसवला त्यानं." काकाजींना मी 'त्यानं' म्हणालो, हे मला आजही ऐकू येतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं की काकाजींचं आता वय झालंय, स्टेअरिंगसारखं काम त्यांच्याकडे देणं धोक्याचं आहे. खाली अंगठ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी तावातावानं गाडी घेऊन सक्करदऱ्याला गेलो. काकाजींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि ड्रायव्हरच्या सीटकडे बोट केलं. चाकं उचलली, दांडा सोडवला, खाली गेले. "फिरवा. मोजा." मी मोजलं. डावीकडे पावणेदोन. उजवीकडे पावणेदोन. स्टेअरिंग बॉक्स निर्दोष होता, आणि हे माझ्याच तोंडून मोठ्यानं वदवून झालं होतं.

मग त्यांनी चाकं हातानं ढकलली. डावीकडे पूर्ण गेली. उजवीकडे मध्येच खट् आवाज झाला आणि अडली. "खाली या सर. पाहा." मी वाकून पाहिलं. बाकी सगळं चिखलानं माखलेलं, आणि त्यात त्या बोल्टाचे बाहेर आलेले आटे बोटभर चकचकीत. त्या क्षणी मला तो उन्हाळा, तो व्हिडिओ, तो घाम, सगळं आठवलं.

काकाजींनी विचारलं, "याले कोनं हात लावला?"

मी म्हणालो, "काय माहीत."

त्यांनी बोल्टाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "टायरवाल्यानं केलं असंल." त्यांनी बोल्ट मूळ जागी घेतला, नट आवळला, गाडी खाली उतरवली आणि मला पुन्हा मोजायला लावलं. पावणेदोन, पावणेदोन. मी पटकन निघालो. ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. गाडी नीट झाली एवढंही नाही. कशी झाली, असं कोणी विचारलं असतं तर?

आठ महिने असे गेले. टोळीतल्या सात गाड्या काकाजींकडे जायच्या, त्या प्रताप नगरच्या एका चकाचक गॅरेजात जायला लागल्या. रविवारी पोहे खाताना वकील मला म्हणायचा, "बरं झालं सर तुम्ही सांगितलं." मी तर्री वाढून घ्यायचो. गोष्ट जितकी लांबवली तितकं ती सांगणं अवघड होत गेलं. आधी फक्त विसरल्याची कबुली द्यायची होती, मग खोट्याची, मग इतके महिने गप्प राहिल्याची.

शेवटी एका सकाळी काही बिघाड नसताना गाडी काढली आणि सक्करदऱ्याला गेलो. शेडमध्ये एकच पिकअप उभी होती. तिचा मालक आणि कोपऱ्यावरचा चहावाला गप्पा मारत होते. काकाजी म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "स्टेअरिंग पाहून घ्या एकदा." ते माझ्या गाडीखाली गेले. मी सीटवर बसलो. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चपला दिसत होत्या. त्यामुळे मला जमलं.

"काकाजी, तो बोल्ट मीच फिरवला होता."

"मोठ्यानं बोला. मले खाली आयकू नाही येत."

मी पुन्हा म्हणालो. चहावाल्याने मान वळवली.

"इंजिनचा आवाज होऊन राहिला का काई. मोठ्यानं."

इंजिन बंद होतं. मी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, की बोल्ट मी फिरवला, विसरलो, तुमचं नाव घेतलं, ग्रुपवर लिहिलं, आठवल्यावरही खोटं बोललो. पिकअपवाला चहाचा ग्लास तसाच धरून उभा राहिला.

खालून पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग काकाजींचा, "हं. आता डावीकडे फिरवा."

मी फिरवलं. मोजलं. पावणेदोन पूर्ण केले.

ते बाहेर आले, हात पुसले. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "त्या बोल्टाच्या डोक्यावर स्क्रू पान्याचे दात उमटले होते. टायरवाल्यापाशी बरोबर मापाचा पाना राह्यते. स्क्रू पाना तुमच्या सीटखाली आहे." मी म्हटलं, "मग त्याच दिवशी का नाही बोललात? तुमची गिऱ्हाइकं गेली." ते म्हणाले, "मी काहून बोलू? मोजणं मालकाचं." मग चहावाल्याकडे वळून, "दोन चहा दे गा. सरांच्या घशाले कोरड पडली."

त्याच दिवशी तिथेच बसून मी ग्रुपवर सगळं लिहिलं. वकिलाचा लगेच फोन आला. तो म्हणाला, "सर, तुम्ही माझे अशील असते तर मी हे लिहू दिलं नसतं." पुढच्या आठवड्यात तो स्वतः गाडी घेऊन काकाजींकडे गेला आणि तासभर फेरे मोजून आला. सातांपैकी चौघे परत आले. तिघे नाही आले. त्यातल्या एकानं तर माझा कबुलीजबाब वाचलाच नसावा, कारण अजूनही तो नव्या माणसांना सांगतो, "सक्करदऱ्याला एक म्हातारा होता, त्यानं सरांचं स्टेअरिंग बिघडवलं होतं." दर वेळी मी त्याला थांबवतो, दर वेळी पहिल्यापासून सांगतो.

दोन वर्षांनी काकाजींनी शेड सोडली आणि खाप्याला मोठ्या भावाकडे राहायला गेले. गुडघ्यांमुळे गेलो, असं ते म्हणतात. मी अर्धा विश्वास ठेवतो.

अधूनमधून रविवारी टोळीतून फुटून मी त्यांच्याकडे जातो. त्यांची गल्ली अरुंद आहे. निघताना गाडी घरासमोरच वळवावी लागते, आणि उजवीकडे पूर्ण वळली तरच वळते. काकाजी ओट्यावरून उठत नाहीत. मान आता दोन्हीकडे सव्वाच फिरते म्हणतात. तिथूनच विचारतात, "किती?"

गल्लीतल्या सगळ्यांना आता हे पाठ झालंय. बायका निवडण-टिपण थांबवून माझ्याकडे पाहतात. मी फेरे मोजतो आणि आकडा सांगतो. आता मला मोठ्यानं बोला म्हणावं लागत नाही.