आधीचा फोटो, नंतरचा फोटो

माझा जोडीदार वली परकार आणि मी कतारच्या लुसैल शहरात फुटपाथच्या कडेचं तण उपटतो. उपटण्याआधी एक फोटो आणि उपटल्यावर एक, असे दोन फोटो सुपरवायझरच्या ग्रुपवर टाकायचे, तरच काम झालं असं धरतात.

मार्चअखेर ऊन चढू लागलं, की फरशांच्या फटींत हंगामातली शेवटची रानफुलं दिसतात. आधीच्या फोटोसाठी वली तिथे चक्क पालथा पडतो. "आमच्या रत्नागिरीच्या कातळाच्या सड्यावर पण अशीच शेवटाला चार उरतात," म्हणतो. चांगला आलेला फोटो तो गावी लेकीला पाठवतो. माहिरा दुसरीत आहे. तिला वाटतं, अब्बा कतारमध्ये फुलं राखतो.

मी चिडायचो, "अरे, पोरीला खरं सांगून टाक की एकदाचं!"

"सांगेन, इन्शाल्ला."

परवा त्याला नखाएवढं पिवळं फूल सापडलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले, मग फुलाचा लेकीला पाठवायला गेला. पण हाताला सवय दोनाची, म्हणून माहिरालाही दोन्ही गेले. एकात फूल, दुसऱ्यात झाडून साफ केलेली फट.

डिलीट करायच्या आतच तिचा व्हॉइस मेसेज आला. वलीला तो ऐकवेना. त्याने फोन माझ्या हातात दिला.

"अब्बा, कुणी उपटलं ते? तू त्याला सोडू नको हां!"

मी फोन त्याला परत दिला. तेवढ्यात ग्रुपवर त्याच दोन फोटोंखाली सुपरवायझरचा अंगठा उमटला.