निवडीत न आलेलं घर

घरखर्चाच्या सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: चिठ्ठ्या टाकाव्यात तशी टॅब जी घरं निवडेल, तीच करायची. शेजारचं घर उघडं दिसलं म्हणून तिथं जाऊन बसलात, तर काम गेलं समजा. मला ते काम हवं होतं. पिंप्राळ्यात घरी बसून सगळ्यांना सल्ले देण्याचा माझा उद्योग जोरात होता, पण त्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

अमळनेरजवळच्या एका गावात टॅबनं नानांचं घर निवडलं आणि समोरच्या आबांचं सोडलं. पोळ्याला कुणाची बैलजोडी आधी निघायची यावरून या दोघांचं बिनसलेलं होतं, हे टॅबला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

नानांच्या ओट्यावरची मुलाखत संपवून उठतो तोच आबा वाटेत उभे.

"नानानं घर लिखं. मनं काब्रं नही?"

"आबा, तुमचं का नाही ते माझ्या हातात नाही, घरं मी निवडत नाही. हा टॅब निवडतो."

"त्यो माले वळखस का?"

"नाही ना. तो कुणालाच ओळखत नाही."

"मंग वळख करी दे."

प्रशिक्षणात याच विषयावर मी उभं राहून भाषण ठोकलं होतं. इथं त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी मला युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांचा इतिहास पाहता तिथंच थांबायला हवं होतं. आबांच्या ओट्यावर बसलो, टॅब बंद केला आणि काळ्या पडद्यावर बोट फिरवत सगळे प्रश्न विचारले.

आबा उत्तरं मला देतच नव्हते. गल्लीपलीकडे नानांना ऐकू जातील अशी देत होते.

"तूरडाळ महिन्याला किती लागते?"

"पोतं!"

"खाणारी माणसं?"

"दोन."

लिहायचं नव्हतंच, म्हणून मी वाद घातला नाही.

"फ्रीज?"

"शे."

आतून अक्का, म्हणजे आबांच्या घरच्या, ओरडल्या, "कोठे शे?"

"येनार शे! लिख तू."

निघालो, तर नानांची हाक. "भाऊ, मनी दाळ कमी लिखाई गयी. वाढाई दे." उत्तर देणारा स्वतः दुरुस्ती सांगतोय म्हटल्यावर मी वाढवली. पुढच्या घरांनीही सगळं ऐकलेलं होतं. संध्याकाळपर्यंत ती गल्ली भाकरीऐवजी डाळच खाते, असं माझ्या टॅबचं मत झालं.

पुढच्या आठवड्यात धुळ्याहून आमच्या मॅडम फेरतपासणीला आल्या. मी खरंच त्या त्या घरी गेलो होतो का, हे त्या विचारणार. मला सोबत घेऊन गल्लीत शिरल्या, आणि पहिले भेटले ते आबा.

"मनं घर लिखं ना यानी! दाळ, फ्रीज, बठ्ठं इचारं. झकास मानूस शे."

मॅडमनी यादी पाहिली. मग मला पाहिलं. "हे घर यादीत नाही. मग निवडलेलं कुठलं सोडलंत?"

काम हातचं जाताना दिसलं. खरं सांगावं तर नानांसमोर आबांची शोभा, न सांगावं तर माझी घरवापसी. नाना ओट्यावर कान टवकारून बसलेले. मी काही फार थोर माणूस नाही. "मॅडम," म्हणालो, "आबांची मुलाखत खोटी होती. टॅब बंद होता. त्यांचं मन राखायला केलं."

आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "ताई, मना फ्रीज भी खोटा व्हता. आन दाळ भी. यानी खोटं इचारं, मी खोटं सांगं. पोऱ्याले कामवरतून कसाले काढतस?"

मॅडम हसल्या नाहीत, पण बराच वेळ यादीतून तोंडही वर काढलं नाही. मग त्यातले आकडे दाखवत विचारलं, "आणि ही बाकीच्यांची डाळ?"

काम राहिलं. मात्र गल्लीतली निवडलेली सगळी घरं मला पुन्हा करावी लागली, ओट्यावर नाही, आत बसून, मॅडमसमोर. सुरुवात नानांपासून. दार लोटून मी डाळीच्या प्रश्नावर येतो तोच बाहेरून आबा एकदा-दोनदाचा हिशोब सगळ्या गल्लीला ऐकवत होते, "नानानं दोन दाव लिखनं पडनं! मनं एकच दाव मा निपटनं!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि डाळ आणखी वाढवली.