भोंग्याच्या व्हॅनचं काय करायचं

बाबा गेले आणि त्यांची व्हॅन पुनर्वसनातल्या आमच्या घरासमोर उभी राहिली. धरणात गाव गेल्यावर त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती, धरणग्रस्तांच्या सभांसाठी टपावर भोंगा बांधायला. भाषण लांबलं की बॅटरी उतरायची आणि ऐन मुद्द्यावर भोंगा मुका व्हायचा. म्हणून सभा संपेपर्यंत इंजिन बंद करायचंच नाही, अशी आमची रीत. गाडी भर उन्हात जागच्या जागी घुरघुरत राही. मग तलावाचं गढूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं आणि पुढच्या वस्तीवर निघायचं. मी मागच्या सीटवर, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मोठी झाले.

पवनीच्या मिस्त्रीने मागचा निळा धूर पाहिला. "इंजिन खोलाच लागन. तेवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी येऊन जाईन."

"आन विकली तं?" काकाने विचारलं.

"जाड ऑइल टाकून देतो. आठेक दिवस ना धूर, ना आवाज."

आईचं डायलिसिस भंडाऱ्याला. बसथांबा लांब, आणि परतताना तिला उभंही राहवत नसे. ही विकली तरच दुसरी चालती गाडी घेता येणार होती. काकाने ऑइल टाकून घेतलं. मी बघत होते. मला राग यायला हवा होता. बाबा गेल्यापासून काहीच येत नव्हतं.

गिऱ्हाईक सानगडीचं होतं, शाळेची पोरं ने-आण करणारं. त्याने चावी फिरवली, कान देऊन ऐकलं.

"मख्खन चालून राहिली," तो म्हणाला.

"पोरीसारखी ठेवली भावानं," काका म्हणाला.

"मंग पोरीलेच विचारतो. काहून ओ बाई, काही खराबी?"

"इंजिन गेलं आहे," मी म्हटलं. "जाड ऑइल टाकलं आहे. आठ दिवसांनी धूर फेकेल." सभेची वेळ सांगावी तसा माझा आवाज निघाला.

तो खाली उतरला. "बरं झालं सांगितलं. पोरं बसतेत ना यात," म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

"बापावरच गेली!" काका माझ्यावर ओरडला. "आता मायले खांद्यावर नेशील का? भाषणानं रक्त साफ होत नाही, बाई!"

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"भंगारवाल्याले बोलाव," ती काकाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी भंडाऱ्याले राहतो, तुह्या मावशीकडे. दवाखाना जवळ पडते."

"किती दिवस?"

"कायले विचारून राहिली? पिशवी काढ."

मी पिशवी काढली. तिच्या लुगड्यांच्या घड्या घालू लागले. मी खरं बोलले होते, आणि त्यामुळे तिचं घर सुटत होतं. दोन्ही मला स्वच्छ कळत होतं आणि एकही दुखत नव्हतं.

भिंतीवरची बुद्धाची तसबीर काढायला तिने हात वर केला. मग तशीच राहू दिली.

"इथं मेणबत्ती कोण लावन?" ती म्हणाली. "तूच ना?"

मी हो म्हटलं.