दोन दुपारींची बिअर

आमच्या मॅनिटोवॉक गावात घरी बिअर करणारे ढिगानं सापडतील, पण एक बिअर दोन दुपारींत करणारा डेलमार फॉइट एकटाच.

बायकोला, आर्लिसला, अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि तिला हात दिल्याशिवाय उठता येईना. जेवण झालं की ती एक ते तीन झोपायची. बिअरला सलग चार तास लागतात. मग या गड्यानं करावं काय? काम मधोमध तोडलं. पहिल्या दुपारी गॅरेजात जव गरम पाण्यात भिजवायचे आणि गोड पाणी गाळून घ्यायचं. दुसऱ्या दुपारी त्यात हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं. बिअर करणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी टोमणे मारायची, "काय डेल, आज साखरपुडा की लग्न?"

"तुमच्या बायका धडधाकट आहेत, बोला बाबांनो," तो म्हणायचा.

कागदाच्या गिरणीत अडतीस वर्षं काढलेला माणूस. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे एवढंच उरलं होतं.

पण तोडलेल्या कामात एक मेख होती. गाळलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं तर आंबतं, म्हणून झाकण लावण्याआधी ते एकशे सत्तर अंश फॅरनहाइटपर्यंत तापवायचंच. ऑगस्टमध्ये आळस केला आणि अख्खं पातेलं नासलं. तेव्हापासून थर्मामीटरचा काटा एकशे सत्तरावर गेल्याशिवाय हा हलत नसे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी काटा एकशे पन्नासवर होता आणि आत धप्पकन आवाज झाला. पाठोपाठ आर्लिसची हाक आली, "डेल!"

"आलो, आलो!" तो ओरडला, आणि गेला नाही. पळी फिरवत काट्याकडे बघत उभा राहिला. कसली अवदसा आठवली होती देव जाणे! एकशे साठ. पासष्ट. सत्तर झाले तेव्हा त्यानं गॅस बंद केला, झाकण लावलं आणि मग धावला. चार मिनिटं गेली होती.

आर्लिस बाथरूमच्या दारात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात त्यानं डॉक्टरांना आणि मुलीला सांगितलं, "शेगडीच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही." आर्लिस तिथेच पलंगावर होती. आपलं 'आलो' तिच्यापर्यंत पोचलंच नसावं, असं तो धरून चालला. डॉक्टर म्हणाले, हाड पडतानाच मोडलं, लवकर पोचला असता तरी फरक पडला नसता. त्या बोलण्यानं डेलमारला काडीचा धीर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ते पातेलं गॅरेजामागच्या बर्फात उपडं केलं.

आर्लिस घरी परत आलीच नाही. तिला आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवावं लागलं. तो रोज जायचा, तिला सूप भरवायचा, आणि खरं सांगायचं रोज राहून जायचं. तिला असंच फसवून मरू द्यायचं का, हा एकच प्रश्न त्याला खात होता. शेवटी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या एका शुक्रवारी, मटण-कोंबडी चालत नाही म्हणून, तो तळलेले मासे घेऊन गेला आणि डबा न उघडताच बोलून गेला.

"आर्लिस, तुझी हाक मला ऐकू आली होती. पाणी तापायचं होतं म्हणून मी थांबलो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पळी फिरताना ऐकू येत होती. तू आलो म्हणालास, म्हणून मी पुन्हा हाक मारली नाही."

डेलमारला मान वर करवेना.

तिनं विचारलं, "मग, बिअर तरी बरी झाली का रे?"

"ओतून दिली."

"ओतलीस?" पडल्यापासून एकदाही न रडलेल्या आर्लिसचा आवाज फाटला. "मेल्या, मग मला तिथं जमिनीवर ठेवून मिळवलंस काय?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानं हात पुढे केला, तो तिनं धरला नाही आणि झटकलाही नाही.