दोन घरांची खूण

दिवेलागण झाली की तो खोलीच्या दारात उभा राहायचा, आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवायचा आणि विचारायचा, "समदी आली न्हवं?"

आमचं 'व्हय' ऐकल्याशिवाय दाराला कडी लागत नसे. मग तो उंबऱ्याला लागूनच घोंगडी अंथरायचा. "आरं, आत सरक की," म्हटलं तर म्हणे, "मेंढरं वाडग्यात कोंडल्यावर तोंडाशी धनगर नको व्हय?" म्हणजे गिरणीत राबणारे आम्ही धट्टेकट्टे बाप्ये त्याच्या लेखी मेंढरं! राग मात्र कुणाला आला नाही. गाव सोडून आलेल्या माणसाची कुणीतरी वाट बघावी, याहून काय हवं असतं?

खोली भवानी पेठेत, एका विणकर विधवेच्या माडीवर. तिला आम्ही मावशी म्हणायचो. खाली तिचा माग चालायचा, वर आमची घोरणी चालायची. भाकरी आणि शेंगांची चटणी तिच्याकडूनच. या धनगराच्या ताटात एखादी भाकरी जास्त पडे, आणि आम्ही त्यावरून तिला छळायचो.

तो नातेपुत्याकडचा. तिकडे पावसानं तोंड फिरवलेलं. निम्मी मेंढरं मेली. उरलेली घेऊन त्याची बायको आणि भाऊ चाऱ्यासाठी मोगलाईत, निजामाच्या मुलखात, उतरली आणि हा गिरणीत लागला. बायकोला दिवस गेलेले. दिवाळीला माघारी यायचं ठरलं होतं. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. पत्र घालावं तर कुठं? मेंढरांमागं फिरणाऱ्यांना पत्ता नसतो.

म्हणून सुट्टीच्या दिवशी तो जनावरांच्या बाजारात जाऊन मेंढरांचे कान बघायचा. धनगराच्या प्रत्येक घराची कान कातरायची खूण ठरलेली असते, हे मला त्याच्यामुळं कळलं. याच्या घराची डाव्या कानाला, बायकोच्या माहेरची उजव्याला.

"लग्नात तिच्या बानं एक कोकरू दिलं," तो सांगायचा. "त्याच्या दोनी कानांला खूण. आता लई मोटी मेंढी झालीया. आक्क्या कळपात तशी एकच. जीव गेला तरी ती इकायची न्हाय!" हे सांगताना तो लाजायचा.

"बाजारातली मेंढरं तुला बघून आपणच कान पुढं करत असतील," आम्ही म्हणायचो. तोही हसायचा.

शिमग्याच्या सुमारास तो बाजारातून एक मेंढी खांद्यावर घेऊन आला. मनगटातलं नेहमीचं चांदीचं कडं दिसेना. तिला अंगणात ठेवून त्यानं तिचे कान आमच्यापुढं धरले. दोन्हींवर खूण होती.

दलालानं ती दुसऱ्या दलालाकडून घेतलेली, त्यानं मोगलाईतल्या कुठल्याशा बाजारात. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तिनं इकली आसंल?" त्यानं मला विचारलं. "का इकायला ती न्हाईच ऱ्हायली?"

"चाऱ्यावाचून विकली असेल रे," मी म्हणालो. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. त्या संध्याकाळी त्यानं 'समदी आली न्हवं?' विचारलं नाही. मेंढीच्या अंगावर हात ठेवून अंगणातच बसून राहिला.

सकाळी त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. मावशी रडायलाच लागली. "मोगलाई केवढी रे! कुटं शोदणार तू?"

"हिला ठाव हाय वाट, मावशी. ही न्हेती की मला."

आम्ही वेशीपर्यंत गेलो. तिथं त्यानं मेंढीच्या गळ्यातली दोरी सोडली, तिच्या पाठीवर थाप मारली. "चल बाई, दाव," म्हणाला आणि बाजूला झाला.

मेंढीनं इकडंतिकडं पाहिलं आणि ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. तो वळसा घालून तिच्या मागं गेला. ती फिरली, पुन्हा त्याच्या मागं. माझ्याच्यानं बघवेना. "माघारी चल गड्या," मी म्हणालो.

"बावरलीया जरा," तो म्हणाला. "फुडं गेल्यावर आटवंल तिला."

आणि उगवतीच्या रस्त्यानं तो चालू लागला. तो पुढं, मेंढी मागं.

तो परत आला नाही. आज माझं स्वतःचं घर आहे, लेकीसुना आहेत. दिवेलागणीला मीही दारात उभा राहून विचारतो, "समदी आली न्हवं?" आतून 'व्हय' येतं. तरी कडीवरचा माझा हात थोडा वेळ तसाच राहतो.