हजारानंतरच्या तीन मेंढ्या

लोकर उतरवून झालेल्या मेंढ्या मोजायला नोरीन पास्को फाटकापाशी उभी राहते, त्याला आता एकतीस वर्षं झाली. तीन-तीनने मोजायच्या, शंभर झाल्या की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. मध्येच कुणी तिच्याशी बोललं, तर त्याची धडगत नसते.

यंदा मालक रॉसने कानातले बिल्ले वाचणारं यंत्र आणलं. त्याचा प्रोग्राम नोरीनच्याच भाचीने, इमोजेनने लिहिलेला. पहिल्या कळपाला नोरीनचा आकडा चौदाशे बारा, यंत्राचा चौदाशे नऊ. दुसऱ्यालाही यंत्र तीनने कमी. तिसरा कळप आठशेचा, तो मात्र जुळला.

"वय झालं, नोरीन," रॉस म्हणाला. "पुढच्या वर्षी सावलीत बस."

तिला ते फार लागलं. तिचं मोजणं आजवर कुणी खोडलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत ती इमोजेनसमोर जाऊन बसली. "हजाराच्या आत तुझं यंत्र बरोबर. हजार ओलांडले की तीन कमी. माझं वय काय हजारानंतरच होतं?"

"आत्या, किती मेंढ्या नोंदल्या ते मी दर वेळी तपासते गं."

"आत किती आल्या ते बघतेस. मेंढवाड्यात मावतात किती, ते कधी बघितलंस?"

इमोजेनने हातातला केक खाली ठेवला. यादीत एकूण जागा किती, तेही पडद्यावर दिसेल असं तिने केलं, आणि पुढचा कळप सोडायला सांगितलं. हजार मेंढ्या, जागा हजार. पुढच्या मेंढीला पडदा क्षणभर थिजला, मग जागा दोन हजार दिसली. तेवढ्यात तीन मेंढ्या शेपटी हलवत निघून गेल्या होत्या.

"यादी भरली की हे दुप्पट मोठी घेतं आणि सगळ्या नोंदी तिकडे हलवतं," इमोजेन ओशाळून म्हणाली. "तोवर फाटकाकडे बघतच नाही."

"फाटक उघडं टाकून? माझ्या हाताखाली असतं तर केव्हाच हाकललं असतं."

मग इमोजेनने यादी सुरू होतानाच तीन हजारांची जागा घेतली जाईल असं केलं. शेवटच्या कळपाला दोघांचाही आकडा सतराशे अठरा. रॉसने तो दोनदा वाचला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"पुढच्या वर्षी फाटकापाशीच ये," तो म्हणाला. "हे चुकलं तर सांगणार कोण?"

नोरीन मनातून हरखली होती, पण खडे परत डाव्या खिशात टाकत म्हणाली, "वय झालंय ना माझं."

"हजारानंतर," इमोजेन म्हणाली.