सारख्याच फेऱ्या

मी रेसिंग ड्रायव्हर होतो असं कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जास्त स्पीड किती मारलात? आकडा सांगितला की त्यांचं समाधान होतं. आता काय करता, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच, तर मी सांगतो की पीथमपूरला टेस्टिंगमध्ये आहे. "अच्छा, म्हणजे तेच काम," असं म्हणून ते चहाकडे वळतात. मीही मान डोलावतो, कारण समजावून सांगायचा आता कंटाळा येतो.

तेच काम नाही ते. ट्रॅकवर माझ्या हातात अजून बाजारात न आलेली गाडी देतात आणि ठरवून दिलेल्या वेगाने ती फिरवत ठेवायची असते. एकशे साठ म्हटलं की एकशे साठ. दोन वर नाही, दोन खाली नाही. ट्रॅक अंडाकृती आहे आणि त्याची वळणं बाहेरच्या अंगाने इतकी उचललेली आहेत की ठरावीक वेगाला स्टिअरिंग फिरवावंच लागत नाही, रस्ताच गाडी वळवतो. दोन तास असं फिरायचं, उतरायचं, कागद भरायचा. आवाज कुठून आला, थरथर कधी सुरू झाली, एसी किती वेळात थंड झाला. गाडीत काय काय बिघडतं ते लिहायला भरपूर रकाने आहेत. चालवणाऱ्यात काय बिघडतं, त्याला रकाना नाही. मग चहा घ्यायचा आणि पुन्हा बसायचं.

पीथमपूर धार जिल्ह्यात आणि घर देवासला. रोज पहाटे शिफ्टच्या बसने जातो, त्याच बसने येतो. सुरुवातीला बसमधले सोबती चिडवायचे, "भिया, तुम तो रेसर आदमी हो, बस में कायको झूल रिये हो?" आता तेही थांबलंय. दिवसभर गाडी हाकल्यावर आणखी स्टिअरिंग धरायची इच्छाच होत नाही. मी खिडकीला डोकं टेकून झोपतो.

माझ्या बाबांनी तीस वर्षं अशीच बस चालवली. ह्याच रस्त्यावर, देवास ते पीथमपूर. देवासला राजघराण्याच्या दोन पाती, म्हणजे दोन गाद्या होत्या; आमचे पणजोबा त्यांतल्या धाकट्या पातीच्या दरबारात, पागेत घोडे सांभाळायला होते. त्यांच्या लगामाची एक लोखंडी कडी अजून घरात आहे. घोडे गेले, दरबार गेला, पण कुणाला तरी वेळेवर कुठेतरी पोचवायचं, हे काम आमच्या घराला चिकटून राहिलं. बाबांची बस आमच्या कोपऱ्यावरून पाच चाळीसला सुटायची. पाच एकोणचाळीसला नाही आणि एक्केचाळीसलाही नाही. दूधवाला त्यांच्या हॉर्नवर घड्याळ लावायचा. ह्याचा त्यांना केवढा अभिमान होता! जेवताना, पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विषय निघाला की ते म्हणायचे, "तीस वर्षांत एकदाही नाही." काय एकदाही नाही, ते आम्हां सगळ्यांना पाठ होतं.

मी एकोणीस वर्षांचा असताना मला पीथमपूरच्या एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागायची होती. सकाळी आठला कागदपत्रं घेऊन बोलावलं होतं. बाबांच्याच बसने जायचं ठरलं. निघताना मार्कशीट सापडेना. ती गादीखाली निघाली, तोवर एक मिनिट उशीर झाला. मी कोपऱ्यावर पोचलो तेव्हा बस नुकतीच हलली होती. मी पळालो. पार पेट्रोल पंपापर्यंत पळालो. डावीकडच्या मोठ्या आरशात मला बाबांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, मिशीसकट. बस थांबली नाही.

मी तीन गाड्या बदलून दहा वाजता पोचलो. जागा भरली होती. संध्याकाळी बाबा घरी आल्यावर म्हणाले, "तू मला दिसला नाहीस." आणि लगेच पुढे म्हणाले, "आणि बस कुणासाठी थांबत नसते. चाळीस माणसं बसलेली असतात." मला तेव्हाही अक्कल होती. दिसलो नसेन, तर थांबण्याचा प्रश्नच कुठे येतो? तो विषय घरात पुन्हा कधी निघाला नाही. मी मात्र एक ठरवून टाकलं, की ह्या माणसासारखी गाडी आपण आयुष्यात चालवायची नाही.

इंदूरला एका गॅरेजमध्ये रॅलीच्या गाड्या तयार व्हायच्या, तिथे लागलो. तिथून एका टीमबरोबर कोइंबतूरला गेलो, आधी मेकॅनिक म्हणून, मग एकदा त्यांचा ड्रायव्हर तापाने आडवा झाला तेव्हा बदली म्हणून. अकरा हंगाम शर्यती केल्या. फार मोठा नव्हतो मी, उगाच बढाई मारत नाही. पण माझी एक ख्याती होती: मी सगळ्यांत उशिरा ब्रेक मारायचो. वळणाआधी शंभर मीटरची पाटी लागते, पन्नासची लागते. बाकीचे कुठे ब्रेक मारतात ते मी पाहून ठेवायचो आणि त्याच्या पुढे जाऊन मारायचो. कधी जमायचं, कधी गाडी ट्रॅकबाहेरच्या खडीत जायची. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढून कुणीतरी आपल्याला आरशात बघतंय. राग होता तो. रागावर माणूस पुष्कळ वर्षं चालू शकतो, हे मी स्वतः पाहिलंय. नंतर टीमकडे स्वतःचे प्रायोजक घेऊन येणारी तरुण पोरं आली आणि माझी सीट गेली. मी देवासला परतलो. घरात काही चषक आहेत. त्यांतल्या एकात बायको सुटी बटणं ठेवते.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर चार दिवसांनी त्याच टीमच्या मॅनेजरचा फोन आला. त्यांच्या ड्रायव्हरचं मनगट मोडलं होतं. हंगामातल्या तीन शर्यती उरल्या होत्या, आणि जमलं तर पुढचा पूर्ण हंगाम. दोघांची ट्रायल घेणार होते, मी आणि एकवीस वर्षांचा एक मुलगा. मी एकोणचाळीसचा. ह्यानंतर असा फोन येणार नाही, हे मॅनेजरलाही ठाऊक होतं आणि मलाही. सहा वर्षं मी त्या अंड्याभोवती फिरत होतो, ते आपण मूळचे इथले नाही असं स्वतःला सांगत. आता ते खरं की खोटं, ते एका दिवसात ठरणार होतं.

बायको म्हणाली, "जाऊन या. फक्त परत आल्यावर चिडचिड करू नका." बाबांनी एवढंच विचारलं, "सुट्टी मिळाली का?" सुट्टीसाठी मी सुपरवायझरला चुलतभावाचं लग्न सांगितलं. त्याने कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भिया, श्राद्ध में कायका ब्याव?" पितृपक्ष चालू आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने हसत हसत सही केली. माणूस चांगला आहे.

हेल्मेट माळ्यावर होतं. दर वर्षी खंडेनवमीला ते खाली यायचं. त्या दिवशी आमच्याकडे पाटावर घरातली हत्यारं मांडतात: पणजोबांची लगामाची कडी, आईची विळी, बाबांचे पाने, आणि मी शर्यतीत उतरल्यापासून माझं हेल्मेट. त्याच्या कपाळाशी हळदीकुंकवाचा डाग कायमचा बसलाय. तो पुसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कोइंबतूरला तपासणी करणाऱ्याने त्या डागावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, घरचं आहे.

ट्रायल सकाळी होती. आधी थोड्या फेऱ्या गाडी आणि टायर गरम करायला, मग दहा फेऱ्या जुन्या टायरवर, मग नवे टायर घालून पाच. नवा टायर जास्त पकडतो, म्हणून त्यावर वेळ कमी यायलाच हवी. ती किती कमी येते, त्यावरच निवड व्हायची. गाडीत बसलो, पट्टे आवळले, आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. सहा वर्षांनी कुणीतरी म्हणत होतं, जा, जितकी पळवता येईल तितकी पळव.

मी पळवली. अगदी जीव खाऊन पळवली. निदान मला तरी तसंच वाटत होतं. हात भरून आले, मान दुखायला लागली, घामाने डोळे चुरचुरले. उतरलो तेव्हा मी खूश होतो. गाडी एकदाही घसरली नव्हती, एकही चूक नव्हती.

त्यांची इंजिनिअर मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने फेऱ्यांच्या वेळांचा कागद छापून माझ्या हातात दिला. "सर, इतक्या सारख्या फेऱ्या मी आजवर पाहिल्या नाहीत," ती म्हणाली. मनापासून म्हणत होती बिचारी. एक मिनिट चौदा पूर्णांक तीन. चौदा तीन. चौदा दोन. चौदा तीन. आणि खाली, नव्या टायरवर: चौदा तीन, चौदा तीन, चौदा दोन. नवा टायर दिला तरी तोच आकडा. तिने स्क्रीनवर मला ब्रेकची रेघ दाखवली. पंधराच्या पंधरा फेऱ्या मी एकाच जागी ब्रेक मारला होता. शंभरच्या पाटीशी. पन्नासच्या पाटीकडे माझा पाय गेलाच नव्हता. मला कुणी वेग ठरवून दिला नव्हता, तर पायाने तो आपला आपणच ठरवून घेतला होता, आणि मग इमानेइतबारे पाळला होता.

तो एकवीस वर्षांचा मुलगा दोनदा खडीत गेला. एकदा गाडी दोरीने ओढून आणावी लागली. पण मधेच त्याने एक फेरी तेरा चारने मारली. मॅनेजर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने काही सांगायच्या आत मीच म्हटलं, "त्याला घे. त्याला घ्यायलाच पाहिजे." कागद हेल्मेटमध्ये खुपसला आणि स्टेशनवर आलो. गाडीत पूर्ण प्रवासभर मला राग यायची मी वाट पाहत होतो. तो आलाच नाही. नुसता थकवा होता, आणि तो त्या एका दिवसाचा नव्हता.

घरी 'नाही झालं' एवढंच सांगितलं. चिडचिड केली नाही. दुसऱ्या दिवसापासून एकशे साठ सुरू.

मग नवरात्र आलं. देवासच्या देवीच्या टेकडीवर माणसांची रीघ लागली, रस्ते बंद झाले, शिफ्टची बस लांबून फिरून यायला लागली. खंडेनवमीला मला सुट्टी होती. सकाळी बाबांनी पाट मांडला. कडी ठेवली, विळी ठेवली, पाने ठेवले आणि म्हणाले, "हेल्मेट आण." मी म्हटलं, "ह्या वर्षी राहू द्या, बाबा. आता ते काही हत्यार नाही." त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि गुडघे धरत स्वतः उठले. पिशवीतून हेल्मेट काढून पुसायला घेतलं, तर आतून कागद पडला.

त्यांनी चष्मा लावला. "हे काय रे?"

"ट्रायलचा कागद. दर फेरीला किती वेळ लागला ते."

ते वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचत गेले, एकेक आकडा. मग पुन्हा वरून. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, माझ्या चषकांच्या वेळीही नाही. "अरे, ह्या तर सगळ्या सारख्या! भले! मग घेतलं का नाही तुला? चुकलं काय ह्यात?"

मला हसू आलं. ज्या माणसासारखं व्हायचं नाही म्हणून मी घर सोडलं, तो माणूस माझं अपयश हातात धरून मला शाबासकी देत होता. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"बाबा, तिथे सारखं चालवून भागत नाही. खालच्या ह्या पाच बघा, ह्या नव्या टायरवरच्या आहेत. इथे वेगळं चालवायचं असतं. एकदा तरी. माझ्या खूप मनात होतं हो, पण पायाने ऐकलं नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. ती घडी नखाने दाबून सारखी केली आणि कागद हेल्मेटखाली सरकवला. कुंकवाची कोयरी उघडली, पण बोट त्यात घातलं नाही. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय?"

"मनात असतं, पण पाय ऐकत नाही ते." त्यांनी चष्मा काढून पाटाच्या कडेला ठेवला. "त्या दिवशी तू आरशात दिसत होतास मला. पार पंपापर्यंत."